गरमी डोक्यात जाते तेव्हा

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेने पांढरकवड्याला येताना एसटीच्या खिडकीतून काय दिसतं? कापसाची शेतं, जिनिंग, ढाबे, ट्रकांच्या रांगा. आणि भिंती. त्यांच्यावर ठळक अक्षरात रंगवलेलं असतं, ‘गुप्तरोग, गरमी, परमा, कमजोरी, हमखास इलाज’. खाली कुठल्यातरी लॉजचं नाव आणि भेटीचा वार. शाळेत असताना तुम्हीही हे वाचलंय. शेजारी बसलेल्या मित्राला ‘परमा म्हणजे काय रे?’ असं विचारलंही असेल. त्याला माहीत नव्हतं आणि घरी विचारायची सोय नव्हती.

त्या यादीतली गरमी म्हणजे सिफिलिस. पुस्तकी मराठीत उपदंश. हा आजोबांच्या काळातला रोग, आता कुठे असतो, असं वाटत असेल तर जरा हे आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं की २०२२ या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८० लाख लोकांना सिफिलिसची नव्याने लागण झाली. अमेरिकेत त्याच वर्षी दोन लाखांवर रुग्ण नोंदले गेले, १९५० नंतरचा सर्वांत मोठा आकडा. जपाननेही त्या वर्षी दहा हजारांचा टप्पा ओलांडला. म्हणजे जिथे औषध आहे, डॉक्टर आहेत, पैसा आहे, तिथेही हा रोग परत आलाय.

आणि तो फक्त भिंतीवर लिहिलेल्या जागी राहत नाही. त्याचा एक पत्ता त्या भिंतीवर कधीच रंगवलेला नसतो. तो म्हणजे मेंदू.

बहुरूपी जंतू

सिफिलिसचा जंतू दिसतो पिळाच्या स्प्रिंगसारखा. नाव ट्रेपोनेमा पॅलिडम. तो मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, आईकडून पोटातल्या बाळाला जातो. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक जखम होते. गंमत म्हणा की घात, ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. आणि तीन ते सहा आठवड्यांत ती काहीही न करता बरी होते.

इथे त्या भिंतीवरच्या इलाजाचं खरं गुपित आहे. कुणी घाबरत घाबरत लॉजवर गेला, त्याने हजार-दोन हजार मोजून पुड्या आणल्या, महिनाभर खाल्ल्या आणि जखम गेली. ती तशीही जाणारच होती. पण श्रेय पुडीला. पुढे काही महिन्यांत अंगावर, बरेचदा तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ येतं, ताप येतो, केस झडतात. तेही आपोआप जातं. मग वर्षानुवर्षं शांतता. माणूस दिसायला ठणठणीत असतो आणि जंतू आत बसलेला असतो.

उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांत तो पुढे मोठं नुकसान करतो. कुणाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिनीवर, कुणाच्या मज्जारज्जूवर, कुणाच्या मेंदूवर. मज्जासंस्थेत तो सुरुवातीच्या महिन्यांतही शिरू शकतो, एचआयव्ही सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. पण मेंदूचं ते जुनं, भयंकर दुखणं दिसायला दहा, पंधरा, पंचवीस वर्षं लागतात.

समजा, एक ट्रक ड्रायव्हर आहे. (उगाच ट्रकवाल्यांवर घसरायला नको. हवं तर प्राध्यापक धरा.) पंचविशीत लागण झाली, जखम गेली, तो विसरला. आता तो पंचेचाळीसचा आहे. कधी आवाज न चढवणारा माणूस घरात आदळआपट करू लागतो. पैशांचे हिशोब चुकू लागतात. मग एक दिवस सांगतो, मी आमदारकीला उभा राहतोय, हायवेलगत पन्नास एकर घेतली, इसार देऊन आलोय. आणि खरंच देऊन आलेला असतो. हळूहळू जीभ अडखळते, हात थरथरतात. घरचे म्हणतात टेन्शन आहे. भाऊ म्हणतो दारू. शेजारीण म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा लावा. डॉक्टरांना वाटू शकतं बायपोलर, स्किझोफ्रेनिया, किंवा अकाली आलेला स्मृतिभ्रंश. यातलं काहीही असू शकतं. पण यातलं काहीच नसून तो वीस वर्षांपूर्वीचा सिफिलिसही असू शकतो.

डॉक्टर लोक या रोगाला नकला करणारा म्हणतात. आपल्याकडे त्याला जास्त नेमका शब्द आहे, बहुरूपी. आज पोलीस बनून दारात उभा, उद्या साधू बनून. ओळखायचा कसा? वेशावरून नाहीच. रक्ताच्या तपासणीवरून.

हे कळायला जगाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १८२२ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान बेल या तरुण डॉक्टरने दाखवून दिलं की वेडाच्या एका प्रकारात मेंदूच्या आवरणांना सूज असते. पुढे युरोपातली मनोरुग्णालयं अशा रुग्णांनी भरली. आधी भव्य स्वप्नं, मग विस्मरण, मग लकवा, मग मृत्यू. कुणी याला बदफैलीपणाचं फळ म्हणायचं, कुणी अतिश्रमाचं. १९०५ मध्ये सिफिलिसचा जंतू सापडला, १९०६ मध्ये रक्ताची तपासणी आली आणि १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना तोच जंतू अशा रुग्णांच्या मेंदूत दिसला.

ही गोष्ट किती मोठी होती याचा विचार करा. वेड म्हणजे पाप, शाप, करणी, आनुवंशिक कलंक असं मानणाऱ्या जगाला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की एका प्रकारच्या वेडाला जंतू कारण आहे. मग त्यावर उपाय शोधता येणार. पहिला उपाय भलताच होता. व्हिएन्नाच्या वॅग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. तापाने जंतू मरायचा, मग क्विनाइन देऊन मलेरिया आवरायचा. काही रुग्ण त्यातच दगावले, पण काही खरोखर सुधारले. १९२७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मानसोपचारतज्ज्ञाला मिळालेलं ते पहिलं नोबेल. आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झालं. शिकागोचा नामचीन गुंड अल कपोन यालाही मेंदूचा सिफिलिस झाला होता. पेनिसिलिन नवं होतं तेव्हा ते त्यालाही मिळालं, पण तोवर मेंदू पोखरून झाला होता. १९४७ मध्ये तो गेला.

आपल्या भागातून कुणाला मोठं मानसिक दुखणं झालं तर आजही नाव निघतं नागपूरच्या मनोरुग्णालयाचं. ते १८६४ मध्ये सुरू झालं. त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षं जगात कुठेच या रोगावर भरवशाचं औषध नव्हतं. आज मात्र ते आहे. लागण नवी असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, एकाच भेटीत. मेंदूपर्यंत गेली असेल तर दवाखान्यात भरती होऊन दहा ते चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन. लवकर पकडलं तर माणूस सावरतो, उशीर झाला तर जे गेलं त्यातलं सगळं परत येत नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा: घरात चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचा स्वभाव अचानक पालटला, भ्रम होऊ लागले, विसरणं झपाट्याने वाढलं तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही की व्हीडीआरएल करून बघायची का? साधी रक्ताची तपासणी आहे. शंभरातल्या बहुतेकांची निगेटिव्ह येईल. पण ज्याची पॉझिटिव्ह येईल, त्याच्या वेडावर चक्क अँटिबायोटिक चालतं.

आधी तिचा रिपोर्ट येतो

इतका स्वस्त इलाज असताना रोग मेंदूपर्यंत पोचतोच कसा? जंतू काही फार हुशार नाही. त्याला वीस वर्षांची सवलत आपण देतो, लाजेपोटी. आणि ही लाज सगळ्यांना सारखी भोगावी लागत नाही.

सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्हीसोबत सिफिलिसचीही तपासणी व्हावी असं धोरण आहे. ते चांगलंच आहे. आईला वेळेत इंजेक्शन मिळालं तर बाळ वाचतं. उपचार झाले नाहीत तर गर्भपात, मृत बाळ किंवा जन्मतःच आजारी बाळ, असं काहीही होऊ शकतं. २०२२ मध्ये जगात अशी सुमारे सात लाख प्रकरणं झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पण या चांगल्या योजनेचा एक परिणाम बघा. घरात सिफिलिसची तपासणी पहिल्यांदा कुणाची होते? बाईची. नवऱ्याची तोवर कधी झालेलीच नसते. मग रिपोर्ट तिचा आधी आला म्हणून रोग तिनेच आणला, असा न्याय होतो. सासरची बोलणी, माहेरी रवानगी, चारित्र्यावर संशय, आणि हे सगळं सातव्या महिन्यात. बाळंतपणाच्या आगेमागे बाईचं मन तसंही नाजूक झालेलं असतं. त्यात हे. जंतूला मेंदू पोखरायला वर्षं लागतात, या बोलण्यांना एक रात्र पुरते.

म्हणून दोन-तीन गोष्टी नीट माहीत हव्यात. रिपोर्टवरून कुणी कुणाला रोग दिला हे कळत नाही. लागण लग्नाच्या कितीतरी आधीची असू शकते, दोघांपैकी कुणाचीही. दुसरं, व्हीडीआरएल कधीकधी सिफिलिस नसतानाही पॉझिटिव्ह येते. गरोदरपण, मलेरिया, ल्युपससारखे आजार, अशी कारणं असू शकतात. म्हणून टीपीएचएसारखी खात्रीची तपासणी करतात. आणि तिसरं, एकट्या बायकोला इंजेक्शन देऊन काही होत नाही. नवऱ्याने घेतलं नाही तर तिला पुन्हा लागण. ‘मला काय झालंय?’ म्हणून दवाखान्याच्या दारात बाइकवर बसून राहणाऱ्या नवऱ्यांना हे कुणीतरी खडसावून सांगायला हवं. जोडीदाराच्या तपासणीचा नियम कागदावर आहे. दारातून आत यायला मात्र पाय लागतात.

आपल्या जिल्ह्याकडे याबाबतीत एक अनुभव जमा आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळचं नाव देशभर गेलं, आणि २०१५ मध्ये शासनाचा प्रेरणा प्रकल्प इथेही आला. आशाताई घरोघरी जाऊन झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का, असं विचारू लागल्या. त्याने सगळं सुटलं असं अजिबात नाही. पण ‘डिप्रेशन’ हा शब्द गावातल्या ओसरीवर उच्चारता येऊ लागला. वीस वर्षांपूर्वी हेही अशक्य वाटलं असतं. त्याच आशाताई गरोदर बाईला तपासणीला नेतात. मनाचं आणि या रोगाचं एकत्र बोलता येईल अशी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्यावर आधीच किती कामं आहेत हा मुद्दा खरा, आणि त्याचा मोबदला वेळेवर मिळत नाही ही त्यांची तक्रारही खरी.

नसलेल्या रोगाची भीती

आता तुमच्या वयाचा भाग. सिफिलिस आणि मन यांचं आणखी एक नातं आहे आणि त्यात जंतू लागतच नाही.

एकदा कधीतरी संबंध आला. किंवा तोही नाही, नुसतं हस्तमैथुन. मग एक दिवस पुरळ दिसतं, थकवा वाटतो, भिंतीवरचं ‘कमजोरी’ आठवतं. रात्री दोनला मोबाइलवर फोटो बघणं सुरू होतं. सकाळपर्यंत खात्री पटलेली असते की आपण संपलो. पोरगा लेक्चरला जात नाही, जेवत नाही, मेसमधल्या मित्रांना टाळतो. तपासणी निगेटिव्ह येते. तो दुसऱ्या लॅबमध्ये करतो, मग तिसऱ्या. रिपोर्टवर विश्वासच बसत नाही. धातू जातो म्हणून शरीर खंगतंय, या भीतीने तर आपल्याकडच्या पिढ्या झुरल्या. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ हे नावच दिलं. भिंती रंगवणाऱ्यांचा धंदा खऱ्या रुग्णांपेक्षा या घाबरलेल्या निरोगी पोरांवर जास्त चालतो, असं मला वाटतं.

पोरींची भीती वेगळी. त्यांना लॅबमध्ये जायचीही चोरी. फॉर्मवर नाव लिहावं लागतं, आणि पांढरकवड्यासारख्या गावात लॅबवाला मामाच्या ओळखीचा निघतोच.

तपासणीचा हिशोब साधा आहे. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे ती निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून शंका असेल तर लगेच एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा. दोन्ही निगेटिव्ह आल्या की विषय संपला. त्यानंतरही डोक्यातून जात नसेल तर आता चौथी लॅब शोधायची नाही. आता इलाज मनाचा करायचा. खोल नैराश्यात ‘मला गुप्तरोग झालाय’ असा पक्का भ्रम होऊ शकतो, हे डॉक्टरांना फार जुनं ठाऊक आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्यासारख्यांचे हेच प्रश्न नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी पोस्टाने मुंबईला जायचे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ते मासिक चालवलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरं दिली, आणि याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील कोण होते माहितीये? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात मांडली. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’मध्ये हे आयुष्य बघायला मिळतं.

आज तसा खटला होणार नाही. पण कॉलेजात काय होतं? रेड रिबन क्लब असतो, १ डिसेंबरला रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा होते, बक्षीस वाटप होतं. त्या रांगोळीत लाल रिबन असते. सिफिलिस हा शब्द नसतो, आणि प्रश्न विचारायला जागा तर नसतेच.

दोष दुसऱ्यावर ढकलायची सवय मात्र फार जुनी. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यक ग्रंथात या रोगाचं नाव आहे फिरंग रोग. फिरंग्यांनी आणला म्हणून. इटलीत त्याला फ्रेंचांचा रोग म्हणायचे, फ्रान्समध्ये नेपल्सचा. आज आपण ट्रकवाल्यांचा म्हणतो, किंवा ‘तसल्या’ बायकांचा. आपला कधीच नसतो.

एक नातं उलट्या दिशेचंही आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला हा रोग लागायचा धोका जास्त असतो. उन्मादाच्या भरात माणूस जपत नाही, नाही म्हणू शकत नाही. हायवेवर भटकणारी, स्वतःशी बोलणारी बाई तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर रात्री काय गुजरतं याचा विचार आपण टाळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन तपासणीसाठी नेणं हे पोलिसांचं कर्तव्य ठरवलंय. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी पोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळाला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. दिसलेल्या बाईसाठी ११२ ला फोन करणं त्यापेक्षा थोडं अवघड जातं.

तपासणी कुठे करायची? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयांत या आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी, औषध फुकट आणि माहिती गुप्त. आपल्याला जवळचं म्हणजे यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. त्वचा-गुप्तरोग आणि मानसोपचार, दोन्ही विभाग एकाच आवारात. फोनवर विचारायचं तर १०९७. तिथे नाव सांगायची गरज नाही.

आणि एक. तुमच्यापैकी अनेकांनी एनएसएसच्या शिबिरात रक्तदान केलंय, बिस्किटाचा पुडा आणि सर्टिफिकेट घेतलंय. रक्तपेढीत त्या प्रत्येक पिशवीची सिफिलिसची तपासणी सक्तीने होते, सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि मलेरियाची. (म्हणून शंका आली की रक्तदान करून बघू, असं मात्र चुकूनही करू नका. लागण ताजी असेल तर तपासणी चुकवून ती पिशवी दुसऱ्या कुणाला चढू शकते.) रक्तदानाच्या फॉर्मवर प्रश्न असतो, तपासणीत काही आढळलं तर कळवलेलं चालेल का, हो किंवा नाही. रांगेत मागचा ढकलत असतो, सर ‘चला लवकर’ म्हणत असतात, आणि बरेच जण न वाचताच कुठेतरी खूण करून पुढे सरकतात. पुढच्या शिबिरात तेवढी ओळ वाचा, आणि ‘हो’वर खूण करा.